‘प्रतिकारशक्ती चांगली असली की झालं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

साथीच्या आजारांवरच्या माझ्या लेखावरची तुमची लांबलचक प्रतिक्रिया वाचली. खवचट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून नुसते आभार मानून मोकळा न होता सवडीने लिहितोय. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. जंतू सगळीकडे असतातच, प्रतिकारशक्ती चांगली असेल तर ते काही वाकडं करू शकत नाहीत. एकाच घरात एकजण आजारी पडतो आणि बाकीचे ठणठणीत राहतात, हा त्याचा पुरावा. लशी यायच्या आधीच आजार ओसरत होते, श्रेय स्वच्छतेचं. सारखे हात धुवूनही तुम्हाला फ्लू झालाच. आणि आमच्यासारखे लोक भीती घालतात म्हणूनच टीबीच्या रुग्णाचं ताट वेगळं ठेवलं जातं.

हातांपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचा अनुभव खराच आहे. फ्लूचा विषाणू हातावरूनही जातो, पण मुख्यतः तो खोकल्या-शिंकेतून आणि जवळच्या श्वासातून येतो. गोवराच्या बाबतीत तर हात धुवून फारसं काही साधत नाही. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तो विषाणू हवेत तरंगत राहू शकतो. याउलट उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस बऱ्याचदा हातांवरून फिरतो आणि गंमत म्हणजे सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही, तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं. (सॅनिटायझर म्हणजे साबणाची वरची पायरी, हा समज कुठून आला कोण जाणे.) डेंग्यूला हे दोन्ही बिनकामाचे. तो पसरवणारा एडिस डास दिवसाढवळ्या चावतो, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करायची. तीही नुसती उपडी करून भागत नाही, आतून घासावी लागतात, कारण अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात.

माझा सगळा लेख एवढ्याचसाठी होता. आजार कुठल्या वाटेने येतो ते आधी विचारा, उपाय मग ठरतो. सूचनांच्या फलकांवर सगळे उपाय एकाच रांगेत लावलेले असतात, त्यामुळे एक फसला की माणूस सगळ्यांनाच मोडीत काढतो. तुमचं तेच झालंय.

आता ‘एकाला होतो, दुसऱ्याला होत नाही’ याबद्दल. या प्रश्नाचा सगळ्यात गाजलेला तपास १८५४ सालचा आहे. लंडनच्या सोहो भागात पटकी, म्हणजे कॉलरा, उसळली होती आणि जॉन स्नो हा डॉक्टर घरोघरी फिरून कोण गेलं, कोण वाचलं याची नोंद करत होता. ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाच्या आसपास माणसं पटापट मरत होती. पण तिथेच असलेल्या बिअरच्या कारखान्यातले कामगार मात्र जवळपास सगळे सुखरूप होते. तुमच्या हिशेबाने त्यांची प्रतिकारशक्ती जबर असणार. स्नोने मालकाला विचारलं तेव्हा कळलं, की कामगारांना प्यायला बिअर मिळायची आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. पंपाचं पाणी ते पीतच नव्हते.

उलट बाजूचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. तिथून काही मैल दूर, हॅम्पस्टेडला एक विधवा बाई राहायच्या. त्यांच्या परिसरात पटकीचं नावही नव्हतं. पण पूर्वी त्या ब्रॉड स्ट्रीटला राहिलेल्या, तिथल्या पाण्याची चव जिभेवर बसलेली, म्हणून रोज गाडीवरून त्या पाण्याची मोठी बाटली मागवायच्या. ते पाणी प्यायल्या आणि गेल्या. त्यांना भेटायला आलेली पुतणीही तेच पाणी प्यायली, आपल्या घरी परतली आणि तीही गेली. तिच्या वस्तीतही पटकी नव्हती. जी माणसं मेली आणि जी वाचली त्यांच्यात फरक पाण्याचा होता. पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली, असं जे सांगितलं जातं ते मात्र जरा सजवलेलं आहे. तोवर साथ उतरणीला लागली होती, आणि हे खुद्द स्नोनेच लिहून ठेवलंय.

अर्थात प्रत्येक वेळी फरक संपर्काचाच असतो असं नाही. काहींना लागण होते आणि काहीच जाणवत नाही, हेही खरं. पण म्हणून तो माणूस इतरांसाठी निर्धोक ठरत नाही. न्यूयॉर्कची मेरी मॅलन ही स्वयंपाकीण घ्या. धडधाकट बाई, टायफॉइडचं एक लक्षण नाही, आणि तरी ती जिथे जिथे कामाला लागली त्यातल्या बहुतेक घरांत टायफॉइड निघाला. १९०७ साली तपासात जंतू तिच्याकडून येत असल्याचं उघड झालं. तिची प्रतिकारशक्ती उत्तमच म्हणायची. तिच्या हातचं खाणाऱ्यांना त्याचा काय उपयोग?

आणि प्रतिकारशक्ती म्हणजे अंगातली एकच एक ताकद, व्यायाम केला की वाढली आणि सगळ्याला पुरली, असं ते प्रकरण नाही. पोषण, झोप यांचा फायदा होतो, त्यात वाद नाही. कुपोषित मुलांना गोवर फार जड जातो. पण शरीराची नेमकी ओळख एकेका जंतूपुरती असते. कधी ती ओळखच अंगाशी येते. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, आणि एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेलेल्याला पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते, कारण आधीची प्रतिपिंडंच (अँटीबॉडीज) विषाणूला पेशीत शिरायला हातभार लावतात. १९१८च्या फ्लूने तर वीस ते चाळिशीतली धट्टीकट्टी माणसं मोठ्या संख्येने नेली.

स्वच्छतेच्या श्रेयाचा तुमचा मुद्दा मात्र अर्धा मान्य. पटकी आणि टायफॉइड बऱ्याच देशांत हटले ते शुद्ध पाणी आणि बंदिस्त गटारांमुळे, लशींमुळे नव्हे. गोवराचं काय? अमेरिकेत लस येण्याआधी गोवराचे मृत्यू खूप कमी झाले होते, हे तुम्ही बरोबर सांगता. पण मृत्यू कमी झाले होते, गोवर नव्हे. पोषण आणि उपचार सुधारले म्हणून मुलं वाचत होती, लागण मात्र जवळपास प्रत्येकाला होतच होती आणि दरवर्षी सुमारे ५ लाख रुग्णांची नोंद व्हायची. आकडा कोसळला तो १९६३ला लस आल्यानंतर.

पोलिओने तर तुमचा तर्क पार उलटा केला. पाणी अस्वच्छ होतं तेव्हा मुलांना तान्हेपणीच, आईकडून आलेलं संरक्षण अंगात असताना, लागण होऊन जायची आणि लकवा क्वचित व्हायचा. स्वच्छता वाढली तशी ही पहिली गाठ उशिरा पडू लागली, तोवर ते संरक्षण सरलेलं असायचं. त्यामुळे लकव्याच्या मोठ्या साथी आल्या त्या स्वच्छ, सधन देशांतच. एकट्या अमेरिकेत १९५२ साली जवळपास ५८ हजार रुग्ण झाले. तिथे नळाचं पाणी कामी आलं नाही, १९५५ला आलेली लस आली.

राहिलं टीबीच्या रुग्णाचं ताट. हा आरोप मला खरंच लागला, कारण मी सांगतोय ते ऐकलं तर ताट वेगळं ठेवायची गरजच उरत नाही. फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो. ताटातून, पेल्यातून, कपड्यांतून नाही. रुग्णाचं ताट वेगळं करायचं आणि रात्री खिडक्या लावून सगळ्यांनी त्याच कोंदट खोलीत झोपायचं, म्हणजे अपमानही करायचा आणि लागणही ओढवून घ्यायची. त्यापेक्षा खिडक्या उघड्या ठेवा, सुरुवातीच्या काळात रुग्णाला मास्क द्या आणि तो वेगळ्या, हवेशीर खोलीत झोपेल असं बघा. औषधं लागू पडली की काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका खूप खाली येतो, पण बरं वाटलं म्हणून ती मध्येच सोडायची नाहीत. उपचार साधारण सहा महिने चालतात. घरातल्या इतरांचीही तपासणी करून घ्या. पाच वर्षांखालची मुलं असतील तर ती आधी, आणि त्यांना आजार नाही असं निघालं तरी प्रतिबंधक औषध द्यायचं का, हे त्याच भेटीत डॉक्टरांना विचारा.