चोर सोडून रॅमला फाशी

काल रात्री तुम्ही जुन्या डेस्कटॉपमध्ये नवा प्रोसेसर बसवलात आणि तेव्हापासून मशीन चालू होत नाही. अभिनंदन! पंखा फिरतोय, दिवा लागलाय, मॉनिटर मात्र काळाठिक्कर. घरात चुकूनही ‘सीपीयू बदलला’ असं म्हणू नका. घरच्यांच्या लेखी सीपीयू म्हणजे टेबलाखालचा अख्खा डबा, आणि डबा तर तोच आहे. मग रात्री दोनपर्यंत नेमकं काय चाललं होतं, हे समजावून सांगावं लागेल.

आता पुढचं काम पद्धतशीर करायचं आहे. काल जी एकमेव वस्तू बदलली ती सोडून बाकी सगळ्यांवर संशय घ्यायचा. सुरुवात रॅमपासून करा. ती इतकी वर्षं तक्रार न करता राबली, म्हणजे नक्कीच आतल्या गाठीची असणार. काढा तिला बाहेर, खोडरबराने सोनेरी पट्ट्या घासा, या खाचेतून त्या खाचेत घाला. मग हार्डडिस्कची केबल उपटा. पडदा उजळण्यासाठी हार्डडिस्कची गरजच नसते, पण उपटल्यावर बरं वाटतं. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी म्हणतात; तुम्ही चार बदला. चुकून मशीन चालू झालंच तर कशामुळे झालं, हे कुणालाच कळता कामा नये.

मदरबोर्डाला, म्हणजे हे सगळे भाग ज्यावर बसतात त्या बोर्डाला, तो बोटाच्या पेराएवढा काळा स्पीकर असेल तर तो आधी काढून ठेवा. नाहीतर एखादा आगाऊ माणूस सांगेल की सगळी रॅम काढ आणि मशीन चालू कर. बोर्ड बोंब मारू लागला तर प्रोसेसर निदान जिवंत आहे, कारण रॅम नसल्याची तक्रारसुद्धा प्रोसेसर चालल्याशिवाय होत नाही. दोन मिनिटांत निम्मा प्रश्न सुटेल. रविवार अजून अख्खा पडलाय, एवढी घाई कशाला?

बोर्ड नवा प्रोसेसर चालवतो का, हे बोर्डाच्या कंपनीच्या यादीत आधी पाहायला हवं होतं, असं तुम्हाला आता वाटत असेल. छे! सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची बैठक, ७७५, प्रोसेसरही ७७५चा, प्रोसेसरच्या कडेच्या दोन खाचा बरोबर बसल्या. सोयरीक जमायला आणखी काय लागतं? हे सॉकेट २००४ साली आलं. पेंटियम ४ त्यात बसला, २००६ चा कोअर टू ड्युओ बसला, पुढे चार कोअरवालेही बसले. बसले सगळेच. चालले मात्र तिथेच, जिथे चिपसेटला (प्रोसेसरची बाकी भागांशी गाठ घालून देणाऱ्या बोर्डावरच्या चिपांना) त्यांच्या बसचा, म्हणजे माहितीच्या ये-जा करण्याच्या वाटेचा, वेग झेपला, बोर्डाला त्यांची वीज पुरवता आली आणि बायोसला, म्हणजे मशीन जागं करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला, त्यांची ओळख होती. तुमचा बोर्ड २००७ सालचा, प्रोसेसर जानेवारी २००८ मध्ये आलेला ई ८४००, ४५ नॅनोमीटरचा, म्हणजे तेव्हाच्या नव्या, आणखी बारीक बनावटीचा. २००७ च्या बायोसने त्याला ओळखावं कसं? पाहुणा दारात उभा आणि दार उघडणारा म्हणतोय, ‘आपण कोण?’ हा जुन्या काळचा गोंधळ म्हणून सोडून देऊ नका. २०१७ साली सॉकेट ११५१ मध्ये हुबेहूब बसणारे नवे प्रोसेसर आले, ते दोन वर्षांपूर्वीच्या ११५१ च्या बोर्डांवर चालतच नव्हते. तेव्हाही खाचा बघूनच खरेदी करणारे कमी नव्हते, त्यामुळे तुम्ही चांगल्या संगतीत आहात.

प्रोसेसरच्या डोक्यावर बसून त्याला थंड ठेवणाऱ्या कूलरबद्दल मात्र मला अधिकाराने बोलता येईल. त्याच्या चार कोपऱ्यांना चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक बाण. हा बाण खुंटी सोडवायला कुठे फिरवायची ते दाखवतो, हे मला तिसऱ्या प्रयत्नात कळलं. त्याआधी तीन खुंट्या ‘टक्’ करून बसल्या होत्या. चौथी नुसती बसल्यासारखी दिसत होती. मशीन चालू व्हायचं, चार-पाच सेकंदांत प्रोसेसर तापून बंद पडायचं. कूलरचा एक कोपरा नखाएवढा वर राहिला होता, बोर्ड आडवा धरून कडेने पाहिल्याशिवाय दिसत नव्हता. मी अर्थातच कडेने पाहिलं नाही. पॉवर सप्लाय बदलला.

नव्या पॉवर सप्लायनंतर मशीन बंद पडायचं थांबलं. कारण आता ते धड चालूच होत नव्हतं. प्रोसेसरजवळची चार टोकांची १२ व्होल्टची पिन लावायला मी विसरलो होतो. ती नसली तरी पंखे झोकात फिरतात, दिवेही लागतात, फक्त प्रोसेसरला वीज मिळत नाही. तुम्हीही ती विसरा. फिरणारा पंखा बघून ‘वीज तर येतेय’ असं म्हणण्यातलं समाधान एकदा घेऊन पाहाच.

सॉकेटमधल्या पिना तपासायच्याच असतील तर बोटाने चाचपा. या जातीत पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटात असतात. केसाएवढ्या, ओळीने एका बाजूला झुकलेल्या. टॉर्च तिरका धरला तर सगळ्या एकसारख्या चमकतात आणि वाकलेली एकच वेगळी चमकते. म्हणजे टॉर्च लावला तर लगेच सापडेल. बोट लावलं तर एकीच्या पाच होतात आणि पुढच्या रविवारचीही सोय लागते.

बायोस रीसेट करायला बोर्डावरचा नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल काढतात. काढा. पण भिंतीचं बटण चालूच राहू द्या, म्हणजे रीसेट झालं की नाही हा वाद उरेल.

एवढं सगळं झाल्यावर एक शेवटचा उपाय राहतो आणि तो तुम्ही करणार नाही याची मला खात्री आहे: जुना प्रोसेसर परत बसवणं. त्याला दहा मिनिटं लागतात. प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारी जुनी पेस्ट पुसायची, मटाराच्या दाण्याएवढी नवी लावायची, चार खुंट्या बसवायच्या. पण ज्याला कालच ‘भंगार’ म्हणून ड्रॉवरमध्ये सुट्या स्क्रूंवर उताणं टाकलं, त्याच्या पाया पडायचं म्हणजे फार झालं.

मी चौथ्या दिवशी पडलो. पहिल्याच झटक्यात स्पीकर ‘पीक्’ म्हणाला. पडद्यावर बायोसची तारीख आली, २००७ ची. कंपनीच्या पानावर शोधलं तर माझ्या बोर्डासाठी २००८ मध्ये नवा बायोस निघालेला होता आणि त्यापुढे एका ओळीत लिहिलं होतं: ४५ नॅनोमीटर प्रोसेसर चालतील. तो चढवायला जुनाच प्रोसेसर बसलेला असावा लागतो. तो आता बसलेलाच होता. फाइल उतरवली, मॅन्युअल उघडलं. पहिली पायरी: ही फाइल रिकाम्या फ्लॉपीवर कॉपी करा.