“अहो, तुम्ही दिसलातच नाही!”

भर दुपारी, सरळ रस्त्यावर, माझ्या दुचाकीचा हेडलाइट चालू असताना समोरून आलेली कार माझ्या पुढ्यात आडवी वळली. दोघांनीही करकचून ब्रेक दाबले म्हणून हातभर अंतरावर निभावलं. काच खाली करून तो माणूस वरचं वाक्य बोलला, तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो खोटं बोलत नव्हता. वळण्याआधी त्याने माझ्याकडे बघितलेलं मी स्वतः पाहिलं होतं.

बघितलं, तरी दिसलो नाही. हे कसं होतं, ते तेव्हापासून मी शोधत आलोय.

नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारते, तेव्हा त्या उडीतलं मेंदू जवळजवळ काहीच नोंदवत नाही. घाईघाईत दोन्हीकडे मान फिरवणाऱ्याच्या नजरेतून अख्खी दुचाकी त्या फटीत निसटू शकते. कारच्या काचेशेजारच्या खांबाआड तर ती सहज मावते. शिवाय नाकासमोर येणारी दुचाकी लांबून जागच्या जागी उभी असल्यासारखी वाटते. आकार वाढतोय हे कळेकळेपर्यंत ती अंगावर आलेली असते. रात्री कारचे दोन दिवे जवळ येताना एकमेकांपासून लांब जातात, त्यावरून अंतराचा अंदाज येतो. आपला दिवा एकच. तो किती लांब आहे, हे सांगणारं त्याच्या जोडीला काहीच नसतं.

म्हणून दिवा लावला की काम झालं, असं मला वाटत नाही. पण तो बंद ठेवणं त्याहून वाईट. नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तर ‘दिवसा दिवा कशाला’ म्हणून काही जण तो बंद करायला खास स्विच बसवून घेतात. कृपा करून असं करू नका. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड भागात झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिवसा हेडलाइट लावणाऱ्यांना अपघातात जखमी होण्याचा धोका २७ टक्के कमी आढळला. चमकणारे किंवा भडक रंगाचे कपडे घालणाऱ्यांना ३७ टक्के, आणि काळ्याच्या तुलनेत पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना २४ टक्के कमी. नुसत्या हेल्मेटच्या रंगाने!

आणि जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणं नव्हे. हॅलोजन बल्बसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाटीत, कुठलाही एलईडी बल्ब कोंबला, की उजेडाचा उगम मूळ फिलामेंटच्या, म्हणजे बल्बमधल्या तापणाऱ्या तारेच्या, जागी राहत नाही आणि झोत वाटेल तसा फाकतो. समोरच्याचे डोळे दिपतात. त्याला नुसता उजेड दिसतो, आपण नाही. त्यापेक्षा हेडलाइटच्या खाली दोन्ही बाजूंना दोन लहान, न दिपवणारे दिवे लावले तर तिन्ही मिळून त्रिकोण दिसतो आणि अंतराचा अंदाज घ्यायला काहीतरी मिळतं. चौकाजवळ येताना मी लेनमध्येच हळूच थोडा एका बाजूला सरकतो. आडवं काहीतरी हललं की नजर तिकडे जाते.

मागच्या दिव्याकडे मात्र आपण वळूनही बघत नाही. बऱ्याच गाड्यांत एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, साध्या दिव्याचं ५ वॅटचं आणि ब्रेकचं २१ वॅटचं. ब्रेकचं उडालं तरी साधा दिवा लागतो, म्हणून संशयही येत नाही. एकदा रात्री मी भिंतीकडे पाठ करून गाडी उभी केली. हाताचा ब्रेक दाबला, भिंत लालभडक झाली. पायाचा दाबला, तर काहीच नाही. पेडल पार खाली गेलं तेव्हा कुठे दिवा लागला. म्हणजे कित्येक दिवस मी पायाने हलका ब्रेक मारत होतो आणि मागच्याला पत्ताच नव्हता. पेडलजवळच्या ब्रेकच्या दिव्याच्या स्विचचा नट फिरवून स्विच थोडा वर घेतला, पाच मिनिटांत काम झालं.

गिअर उतरवून वेग कमी केला तर ब्रेकचा दिवा लागतच नाही, हेही मला तेव्हाच जाणवलं. आता इंजिनावर वेग तोडताना मी ब्रेकवर पाय हलकाच टेकवतो, फक्त दिवा लागण्यापुरता.