बुजरी कालवड विकायच्या आधी

देवणी कालवड बघताना आपल्याकडं वानेरा की शेवरा या रंगावरून ठरणाऱ्या प्रकारांवर तासभर चर्चा होते, पण स्वभावाचं बोलणं ‘गरीब’ नाहीतर ‘मारकी’ यावर संपतं. हे मला अजिबात पटत नाही. जनावरानं धोका किती पत्करायचा, नव्या गोष्टीजवळ किती लवकर जायचं, हे स्वभावातून ठरतं आणि त्यातला काही भाग आईबापाकडून येतो.

एकच स्वभाव कायम सरस ठरत नाही, म्हणूनच सगळे टिकून आहेत. नेदरलँड्समध्ये ग्रेट टिट या छोट्या पक्ष्यांवर झालेलं काम बघा. काही वर्षी धीट माद्या जास्त जगल्या, काही वर्षी सावध. नरांचं दरवेळी माद्यांच्या उलट! हे पक्षी हिवाळ्यात बीच नावाच्या झाडाचं बी खातात; त्याला बी किती धरलं, यावर पारडं फिरत होतं. आपल्या उस्मानाबादी शेळ्यांतही धीट शेळी दुष्काळात नवा पाला आधी शोधेल, पण लांडग्याच्या तोंडीही तीच आधी जाईल. मोकळ्या चराईच्या कळपात म्हणून दोन्ही हव्यात. बांधून पाळायच्या तर शांत निवडा.

आता पारख. सकाळची वैरण झाल्यावर मोकळ्या आवारात, हात खाली ठेवून, समोरून जरा तिरकं हळू चालत जा. कालवडीनं पहिलं पाऊल मागं घेतलं की थांबा आणि तुमच्या दोघांतलं अंतर मोजा; जितकं जास्त, तितकी ती बुजरी. चार-पाच दिवसांच्या अंतरानं तीनदा करा, मग अनोळखी माणसाकडून करवा. आकडे जवळपास सारखे आले तर तो स्वभाव; दरवेळी बदलले तर तिला त्या त्या दिवशी काहीतरी खुपलंय. कळपातून एकटी काढून मोजू नका, एकटेपणानंच ती बिथरते. कुत्रं जवळ असेल, ती माजावर असेल किंवा गाय असून नुकती व्यालेली असेल, तर ते माप सोडून द्या.

बुजऱ्या गाईला धारेच्या वेळी मारलं की ती पान्हा चोरते असं म्हणतात. चोरत नाही हो! भीतीनं ॲड्रेनलिन वाढतं, पान्हा सोडायला लावणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं काम अडतं आणि दूध कासेतच राहतं. तेच राहिलेलं दूध पुढं दगडीला, म्हणजे कासेच्या सुजेला, वाट करून देतं. वासरांना पहिल्या काही आठवड्यांत रोज मायेनं हात लावला, तर ही भीती बरीच कमी होते.

आणि आयुष्यभर गरीब असलेली गाय एकाएकी मारकी झाली, तर तो स्वभाव समजू नका. दुखणं असेल, नजर गेली असेल, पिसाळलेलं कुत्रंही चावलेलं असू शकतं. लाळ गळत असेल, हंबरण्याचा आवाज बदलला असेल, तर घशात काही अडकलंय का बघायला तोंडात हात घालू नका. वेगळी बांधा आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवा.