‘स्टेनलेसची टाकी करा, फोममध्ये गाडा’: हा सल्ला का मानू नये

पावसाळ्यासाठी बोटी वर ओढल्या की गोव्यात दुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. मालिम असो, शापोरा असो, बेतूल असो, जुनी सोळा-अठरा फुटी फायबर बोट विकत घेऊन ती नव्याने उभी करणारे कितीतरी जण असतात. कोणाला डॉल्फिन दाखवायला पर्यटक न्यायचे असतात, कोणाला रविवारी मासे गरवायला जायचं असतं. अशा लोकांच्या मोबाइलवर बोटीच्या इंधनाच्या टाकीबद्दल एक मजकूर हमखास पोचतो. त्याचा सारांश असा:

‘टाकी एसएस ३०४ चीच करा, जन्मभर गंजणार नाही. ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात विरघळतं. प्लास्टिक फुटतं. टाकी फोम ओतून गच्च बसवा, हलणार नाही. तळाला कॉक ठेवा, पाणी काढता येईल. पैसे वाचवायचे तर बोटीच्या अंगाला धरून फायबरचीच टाकी मारा. आणि होईल तेवढी मोठी करा.’

वाचायला हे सगळं पटण्यासारखं आहे, म्हणूनच ते पुढे पुढे जातं. पण यातली दोन वाक्यं पैसे बुडवणारी आहेत, आणि दोन जिवावर बेतणारी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते. ती वर उडून जात नाही, बोटीच्या तळात साचून राहते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरे. त्यामुळे या मजकुराला मुद्द्यागणिक उत्तर द्यायला हवं.

सुरुवात स्टेनलेसपासून करू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे.

स्टेनलेस गंजत नाही ते त्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. तो थर टिकायला हवेतला प्राणवायू लागतो. स्वयंपाकघरातल्या सिंकला हवा मिळते, पाणी वाहून जातं, म्हणून ते वर्षानुवर्षं चकचकीत राहतं. टाकीचा तळ मात्र लाकडावर, पट्टीखाली किंवा फोममध्ये दाबलेला असतो. तिथे खारं पाणी शिरलं की ते अडकून बसतं, प्राणवायू संपतो, थर पुन्हा बनत नाही आणि क्लोराइड एकाच जागी खोल खोल शिरत जातं. वरून पत्रा नवाकोरा दिसतो आणि खाली सुईच्या टोकाएवढी भोकं पडलेली असतात. एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा, पत्रा निदान तांबेरा दाखवून सांगतो तरी. स्टेनलेस काही सांगत नाही.

त्यातही ३०४ ही स्टेनलेसची जात म्हणजे समुद्राकाठची सगळ्यात कच्ची निवड. ३१६ या जातीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडला काही प्रमाणात रोखतं. ३०४ मध्ये ते नसतं. शिवाय साध्या ३०४ ला वेल्डिंग केलं की सांध्याशेजारच्या पट्ट्यात कार्बन आणि क्रोमियम एकत्र येऊन कार्बाइड बनतं, आणि तिथलं संरक्षक क्रोमियम कमी होतं. म्हणून वेल्डिंगच्या कामाला ‘एल’ लावलेली, म्हणजे जास्तीत जास्त ०.०३ टक्के कार्बनची जात घ्यायची असते. रेलिंग आणि हॉटेलच्या किचनची टेबलं करणारा फॅब्रिकेटर त्याच्याकडे पडलेल्या ३०४ च्या शीटमधून टाकी करून देतो. त्याचा हात चांगला असेलही, पण माल या कामाचा नव्हे.

दुसरी गोष्ट जाडीची. स्टेनलेस महाग आणि जड, म्हणून पत्रा पातळ घेतला जातो, बहुतेक वेळा दीड मिलिमीटर. अशा एक चौरस मीटर पत्र्याचं वजन साधारण १२ किलो. तेवढाच तीन मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा आठ किलोंच्या आसपास भरतो. म्हणजे दुप्पट जाडी घेऊनही एक तृतीयांश वजन वाचतं. आणि पातळ स्टेनलेस लाटांच्या हादऱ्यांनी सतत लवत राहिलं की कडक होत जातं, मग सांध्याजवळ तडकतं. लहान बोटी किती आपटतात ते भरतीच्या वेळी आग्वादच्या तोंडातून बाहेर गेलेल्या कोणालाही विचारा.

अमेरिकेत बोटींची मानकं ठरवणारी एबीवायसी नावाची संस्था आहे. तिने पेट्रोलसाठी स्टेनलेसच्या टाकीला परवानगी दिली आहे ती फक्त लहान, म्हणजे २० गॅलनपेक्षा (सुमारे ७५ लिटर) कमी मापाच्या, नळकांडीच्या आकाराच्या, घुमटाकार टोकांच्या टाकीला. आपल्याकडे करतात तशा चौकोनी खोक्याला नाही. ‘जन्मभर’ हा शब्द लिहिणाऱ्याने निदान एवढं तरी बघायला हवं होतं.

‘ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात विरघळतं’ या वाक्यात अर्धं सत्य आहे. बाजारात मिळणारा कुठलाही पत्रा, छपराचा किंवा चौकटीचा, आणून टाकी केली तर तक्रार रास्तच. पण ५०५२, ५०८३, ५०८६ या मॅग्नेशियम असलेल्या जाती समुद्रासाठीच वापरतात. ५०८३ ची तर आख्खी जहाजं बांधतात. जगभरातल्या लहान पॉवरबोटींत बसवलेल्या धातूच्या टाक्यांमध्ये ॲल्युमिनियमच सर्वांत जास्त दिसतं. एबीवायसीचं किमान माप आहे सुमारे २.३ मिलिमीटर. माझं मत विचाराल तर तीनच्या खाली जाऊ नये, आणि परवडत असेल तर चार. आर्गन वेल्डिंग येणाऱ्याकडूनच काम करून घ्यावं, लांब टाकीत आतून आडव्या पट्ट्या घालाव्यात म्हणजे इंधन हेंदकाळत नाही, आणि पितळेची नोझल थेट ॲल्युमिनियममध्ये आवळू नये. खाऱ्या हवेत पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये स्टेनलेसची रिंग किंवा बुश असावा.

मग ॲल्युमिनियमच्या टाक्या कुजलेल्या निघतात, ते खोटं का? नाही, खरं आहे. आणि त्याचं कारण त्याच मजकुरातल्या पुढच्या वाक्यात आहे: फोम ओता.

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण धातू कुठलाही निवडला तरी हे एक वाक्य त्याची वाट लावतं. फोम पत्र्याला कायमचा चिकटून राहील, मध्ये कुठेही पाणी शिरणार नाही, या गृहीतावर हा सल्ला उभा आहे. प्रत्यक्षात बोट वाकते, टाकी तापते आणि थंड होते, फोम हळूहळू सुटतो आणि केसाएवढी फट पडते. डेकवरचं पाणी, भराव-नळीच्या तोंडाशी ओघळणारं पाणी, पावसाचं पाणी त्या फटीत जातं आणि परत बाहेर येत नाही. जून ते सप्टेंबर गोव्यात काहीच वाळत नाही, मग डेकखालचा फोम कुठून वाळणार? ॲल्युमिनियमला ओली, हवाबंद जागा सोसत नाही. पांढरी भुकटी धरत धरत पत्रा चाळणी होतो. आणि तो बघायचा म्हटलं तर डेक कापावा लागतो.

टाकी हलू नये ही मागणी बरोबरच आहे. ती फोमशिवाय पूर्ण होते. टाकीला चार कोपऱ्यांत ॲल्युमिनियमचेच कान वेल्ड करून घ्या आणि ते स्ट्रिंगरला, म्हणजे बोटीच्या तळातल्या लांब आधारपट्टीला, बोल्टने बांधा. टाकी सपाट फळीवर ठेवू नका. निओप्रीनच्या किंवा पाणी न शोषणाऱ्या कडक प्लास्टिकच्या पट्ट्या पत्र्याला पॉलिसल्फाइडसारख्या सीलंटने पूर्ण चिकटवून मग त्यांवर टाकी बसवा, म्हणजे पट्टी आणि पत्रा यांच्यामध्येही पाणी राहणार नाही. कार्पेटचा तुकडा किंवा फेल्ट अजिबात नको, ते पाणी धरून ठेवतात. खाली आणि चारही बाजूंना हाताचं बोट जाईल एवढी हवेची जागा, आणि तिथलं पाणी वाहून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट भागात, जाईल असा उतार. टाकीवर एक झाकणाची जागा ठेवा, जिथून वरचे सगळे जोड दिसतील. एवढं केलं तर साधी टाकीसुद्धा दीर्घकाळ टिकते. एवढं नाही केलं तर कुठलाच धातू वाचवू शकत नाही.

प्लास्टिकचं काय? मजकूर लिहिणाऱ्याने निळा ड्रम, पाण्याची टाकी आणि बोटीसाठी बनवलेली पॉलिएथिलीनची टाकी यांना एकाच माळेत ओवलं आहे. पाण्याच्या टाकीत पेट्रोल साठवू नये, हे खरंच. ते प्लास्टिक फुगतं आणि मऊ पडतं. पण इंधनासाठीच साच्यात घडवलेल्या जाड भिंतीच्या पॉलिएथिलीन टाकीला गंज नाही, सांधा नाही, ओल्या जागेचं भय नाही. लहान बोटीला तयार मापांतली एखादी बसत असेल तर मी तीच सुचवेन. दोन गोष्टी मात्र आधी माहीत हव्यात. पहिल्यांदा इंधन भरल्यावर ती जवळजवळ दोन टक्के फुगते आणि तशीच राहते, म्हणून चारही बाजूंनी जागा सोडावी लागते. गच्च कोंबली तर डेक उचलेल किंवा स्वतः तडकेल, आणि मग लोक म्हणणार, ‘प्लास्टिक फुटतं’. दुसरं, पेट्रोल तिच्या भिंतीतून किंचित झिरपतं, म्हणून ती जागा बंद असू नये, हवा खेळती हवी. आणि ज्यांना ओबीएमवर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनावर, तास-दोन तासच फिरायचं आहे, त्यांनी इंजिनाबरोबर येणाऱ्या २५ लिटरच्या उचलत्या टाकीवरच भागवावं. बोटीतून बाहेर काढून भरता येते, पावसाळ्यात घरी नेता येते.

तळाच्या कॉकबद्दल एकच वाक्य पुरे व्हावं: पेट्रोलच्या टाकीला माथ्याखाली एकही भोक नको. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नियमांत, बसवलेल्या पेट्रोल इंजिनाच्या बोटींसाठी, हे सरळ लिहिलेलं आहे. वरचा जोड सैल झाला तर वास येतो. खालचा सैल झाला तर अख्खी टाकी बिल्जमध्ये उतरते, आणि बिल्ज पंपाच्या स्विचला ठिणगी असते. पाणी काढायला पाणी वेगळं करणारा फिल्टर असतो, १० मायक्रॉनचा. तो हाताला येईल असा लावा.

आता फायबरच्या टाकीकडे येऊ. इथे मला खरोखर काळजी वाटते. हा सल्ला डिझेलच्या काळातला आहे आणि डिझेलसाठी तो बऱ्यापैकी चालून गेला. पण आज पंपावर मिळतं ते पेट्रोल पूर्वीचं राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२३ पासून देशात ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं आणि आता तेच सर्वत्र मिळतं. इथेनॉल साध्या पॉलिस्टर रेझिनमध्ये शिरून त्याला मऊ करतं. अमेरिकेत २००४ च्या सुमारास न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटच्या पंपांवर जुनं मिश्रण बंद होऊन १० टक्के इथेनॉल आलं, तेव्हा जुन्या बोटींच्या फायबर टाक्यांतून विरघळलेलं रेझिन इंजिनात पोचलं, व्हॉल्व्हवर काळा चिकट थर बसला आणि इंजिनं निकामी झाली. ते १० टक्क्यांवर झालं होतं. आपल्याकडे फायबरवाल्याच्या ड्रममध्ये असतं ते बहुतेक जीपी (सर्वसाधारण कामाचं) रेझिन, म्हणजे त्याच कुळातलं. बोटीच्या अंगालाच धरून टाकी मारली असेल तर रेझिन मऊ पडताना टाकीबरोबर बोटीचा तळही जातो. पेट्रोलसाठी ही वाट पूर्णपणे बंद समजा.

इथेनॉलची दुसरी खोड अशी की ते पाणी ओढतं. ठरावीक मर्यादेपर्यंत पाणी पेट्रोलमध्ये मुरतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला वेगळा थर धरतात, आणि नळी नेमकी तळातूनच ओढते. म्हणून हंगाम संपल्यावर पेट्रोलची टाकी रिकामी, कोरडी करून ठेवावी. डिझेलवाल्यांनी उलट ती भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागाच उरत नाही. डिझेलखाली साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि त्यांचं आम्ल तळ खातं. जुन्या रबरी नळ्याही टाकीबरोबरच बदला, आणि इंधनाच्याच, इथेनॉल सोसणाऱ्या घ्या.

‘होईल तेवढी मोठी’ हे हिशेबाने खोडता येतं. ४० अश्वशक्तीचं चार-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण १३ ते १५ लिटर पितं. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव, या जुन्या नियमाने ७५ लिटरमध्ये मांडवीच्या तोंडातून ग्रांदे बेटाला जाऊन यायला पुष्कळ होतं. २०० लिटर पेट्रोल म्हणजे जवळजवळ १५० किलो, दोन माणसं कायमची बोटीत बसवल्यासारखं. आणि मोठ्या टाकीतलं पेट्रोल संपायला वेळ लागतो, तेवढा वेळ ते शिळं होतं. टाकी काठोकाठ भरू नये, हेही इथेच सांगतो: उन्हात तापून १०० लिटरमागे दीड-दोन लिटर पेट्रोल सहज वाढतं, आणि ते हवेच्या नळीतून नदीत जातं.

पर्यटक नेणाऱ्यांनी टाकीचं काम देण्याआधी पणजीच्या बंदर कप्तान खात्याच्या सर्व्हेयरला आराखडा दाखवावा, नंतर दाखवून डेक फोडण्यापेक्षा. टाकी तयार होऊन आली की फॅब्रिकेटरकडेच सगळी तोंडं बंद करून तीन पीएसआय दाबाची हवा भरा, सांध्यांवर साबणाचं पाणी लावा आणि बुडबुडा शोधा. जास्त दाब देऊ नका, सपाट पत्रा फुगून सांधा तिथेच तुटतो. भराव-नळीचं धातूचं तोंड आणि टाकी तारेने जोडून अर्थिंगला द्या. डेक बसवण्याआधी बोटीत हीच चाचणी सगळ्या नळ्यांसकट पुन्हा करा, कारण गळती बहुतेक वेळा पत्र्यात नसते, होजच्या क्लिपखाली असते.