डोळे मिचकावा, हयात असाल तर

पेन्शनर मंडळींना वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यावा लागतो. आम्हा अंधांना तो केवायसीच्या, म्हणजे बँकेनं ग्राहकाची ओळख पटवून घेण्याच्या, निमित्तानं कधीही द्यावा लागतो, आणि तोही डोळ्यांनी. बँकेचं अ‍ॅप सेल्फी घेतं, 'डोळे मिचकावा' म्हणतं, आणि ते मिचकावले नाहीत तर समोर माणूस नसून माणसाचा फोटो आहे असं ठरवून मोकळं होतं. श्वास चालू, नाडी चालू, कर्जाचा हप्ताही त्याच बँकेनं वेळेवर कापून नेलेला. पण अ‍ॅपच्या लेखी आम्ही हार घातलेली तसबीर.

बरं, 'म्हणतं' हा शब्दही मी सौजन्यानं वापरला. म्हणत काहीच नाही. पडद्यावर अक्षरं उमटतात. अँड्रॉइड फोनमधला टॉकबॅक, म्हणजे अंधांसाठी पडदा मोठ्यानं वाचणारी सोय, बोट जिथे असेल तिथलं वाचतो. मधेच बदललेली सूचना त्यानं आपणहून वाचावी असं वाटत असेल, तर अ‍ॅप बनवणाऱ्यानं तशी खूण करून ठेवावी लागते. ती केलेली नसते. त्यामुळे 'चेहरा चौकटीत आणा', 'थोडं जवळ या', 'डावीकडे वळा' हा सगळा संवाद अ‍ॅप स्वतःशीच करतं, आणि आपण हात लांब करून, लग्नातल्या फोटोसारखं तोंड करून बसलेलो. आयफोनचा स्वतःचा कॅमेरा व्हॉइसओव्हर (तिथला टॉकबॅक) चालू असताना चौकटीत किती चेहरे आहेत आणि कुठे आहेत ते सांगतो. बँकेच्या अ‍ॅपमधला कॅमेरा मात्र मौनव्रतात.

समजा चेहरा चौकटीत सापडला. आता अडतं उजेडावर. एकट्या अंध माणसाच्या घरात संध्याकाळी दिवा लावायचं कारणच नसतं. वीजबिल बघून शेजारी जळतात. तेव्हा पहिला नियम: केवायसीला बसण्याआधी ट्यूब लावा, ती लागलीय याची खात्री करा आणि खिडकीकडे पाठ नव्हे, तोंड करा. काळा चष्मा काढा. एवढं करूनही काहींची बुबुळं सतत हलत असतात, त्यांना अ‍ॅप 'सरळ बघा' म्हणून दटावतं. काहींच्या पापण्या मिटलेल्याच असतात. मिटलेला डोळा मिचकवायचा कसा, हे योगशास्त्रातही सापडत नाही.

पॅनकार्डाचा फोटो त्यामानानं सोपा, पण त्याची एक रीत आहे. पॅन, आधारचं प्लास्टिक कार्ड आणि एटीएम कार्ड, तिन्ही एकाच मापाची. म्हणून पॅनच्या पाकिटाचा वरचा उजवा कोपरा कापून ठेवायचा (पाकिटाचा, कार्डाचा नव्हे, कार्ड कापणारेही भेटले आहेत). फोटोच्या वेळी पाकीट काढायचं, ते चकाकतं. कार्ड गडद रंगाच्या टेबलावर ठेवायचं, पांढऱ्या चादरीवर कडा सापडत नाहीत. फोन त्यावर सपाट टेकवायचा, कॅमेरा कार्डाच्या मध्यावर, दोन्ही कोपर टेबलाला, आणि मग लिफ्टसारखा सरळ वीतभर वर. तिरका गेला की पॅन नंबरऐवजी टेबलाचा फोटो जातो. गंमत म्हणजे कधीकधी तोही मंजूर होतो.

मग ओटीपी. सहा आकड्यांचे सहा वेगळे चौकोन, आणि शेजारी उलटा मोजणारा टायमर. इथे मात्र 'आपणहून वाच' ही खूण आठवणीनं केलेली असते. त्यामुळे टॉकबॅक 'एकोणतीस सेकंद, अठ्ठावीस सेकंद' असा दर सेकंदाला पुकारा करतो, आणि त्या गलक्यात ओटीपी बुडतो. कॅप्चा असेल तर ट्रॅफिक सिग्नल असलेली चित्रं निवडायची. ज्या सिग्नलला आवाज बसवा म्हणून आम्ही महापालिकेत खेटे घालतो, तो चित्रात ओळखून दाखवायचा!

हेल्पलाइनवरची मुलगी गोड बोलते. "सर, स्क्रीनवर काय दिसतंय?" मला दिसत नाही, असं सांगितलं की म्हणते, "ओके सर, मग स्क्रीनशॉट पाठवा." शेवटी सुचवते, घरातल्या कुणाला तरी ओटीपी वाचायला सांगा. त्याच बँकेचा मेसेज त्याच मिनिटाला येऊन धडकतो: ओटीपी कुणालाही सांगू नका.

शाखेत गेलात तर सोबत्याला विचारतात, "यांना काय हवंय?" सही पट्टी लावून अगदी ओळीवर केलीत तरी 'अंगठाच द्या' असा आग्रह, आणि ऑनलाइन अंगठ्याचा फोटो चढवला की 'सही जुळत नाही'. रिझर्व्ह बँकेनं २००८ मध्येच बजावलंय की अंध व्यक्ती करार करायला कायद्यानं सक्षम आहे, चेकबुक, एटीएम, लॉकर काहीही नाकारू नका. त्या परिपत्रकाची एक प्रत खिशात ठेवावी. काउंटरवर ती दिली की निदान साहेबांची केबिन उघडते.

कायदा आमच्याकडे भरपूर आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, २०१७ चे नियम. सेवा दिव्यांगांना वापरता येतील अशा करायला सेवा देणाऱ्यांना दोन वर्षांची मुदत, म्हणजे २०१९ मध्येच संपलेली. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं याच केवायसीवर २० निर्देश दिले. एक अ‍ॅसिड हल्ला झालेल्यांची याचिका होती, दुसरी अमर जैन या अंध वकिलांची. न्यायालयाचं म्हणणं, जिवंतपणा तपासायला पापणीखेरीज दुसरा मार्ग द्या, अंगठ्याचा फोटो चालवून घ्या, यंत्रानं नाकारलेला अर्ज माणसाकडून तपासून घ्या. त्याआधी मार्चमध्ये त्याच न्यायालयानं अंधांना न्यायाधीश होण्यापासून अडवता येणार नाही असंही सांगितलं. म्हणजे उद्या अंध न्यायाधीश निकाल देतील, आणि पगाराचं खातं उघडताना अ‍ॅप त्यांना मयत ठरवील.

म्हणून तक्रार करायची. आणि ती करायचीही कला आहे. 'तुमचं अ‍ॅप अंधांना वापरता येत नाही, कृपया सहानुभूतीनं विचार करावा' असं कधीही लिहू नये. सहानुभूती लगेच मिळते, दुरुस्ती नाही. लिहावं असं: फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, टॉकबॅकची आवृत्ती, अ‍ॅपची आवृत्ती; चौथ्या पडद्यावर बोट उजवीकडे तिसऱ्यांदा सरकवल्यावर 'अनलेबल्ड बटन' ऐकू येतं, तिथे 'फोटो काढा' ऐकू यायला हवं. हे वाचून प्रोग्रामरला काम कळतं, कारण काम एका ओळीचं असतं: बटणाच्या चित्राला 'कंटेंट डिस्क्रिप्शन' नावाचं लेबल लावणं. खाली दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ आणि ४६ लिहावं, आणि ८९ विसरू नये: पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुढे ५०,००० ते ५ लाख. दखल नाही घेतली तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

लेबल लागतं. खरंच लागतं, अशानं कित्येक बटणं बोलती झाली आहेत. मग दोन महिन्यांनी डिझायनर बटणाचं चित्र बदलतो, नव्या चित्राबरोबर लेबल गळतं, आणि आम्ही जुनीच तक्रार आवृत्तीचा आकडा बदलून पुन्हा धाडतो. बिनपगारी टेस्टर म्हणून माझी नोकरी तशी कायम आहे.

तक्रार बंद झाल्याचा मेसेज येतो: 'आपल्या समस्येचं निराकरण झालं आहे, कृपया आम्हाला तारे द्या.' दुव्यावर दोनदा टिचकी मारली की पान उघडतं. बोट सरकवतो. अनलेबल्ड बटन. अनलेबल्ड बटन. अनलेबल्ड बटन. अनलेबल्ड बटन. अनलेबल्ड बटन. पाच आहेत म्हणजे हेच तारे. मी पहिलंच दाबतो.