छत्तीसपैकी किती? टक्के जुळवून राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्यांसाठी

निवडणूक जवळ आली की न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनमधल्या मराठी ग्रुपवर एक मेसेज ठरलेला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो मला चार ठिकाणांहून आला, आणि अलीकडे पुन्हा फिरायला लागलाय. मजकूर साधारण असा: "भाषणं, डिबेट, टीव्हीवरची भांडणं सगळं सोडा. ऑनलाइन क्विझमधल्या पंचवीस प्रश्नांची उत्तरं द्या. कुठल्या उमेदवाराशी तुमचे विचार किती टक्के जुळतात ते कॉम्प्युटर सांगेल. कॉम्प्युटरला पक्ष नसतो. उमेदवाराची भूमिका समोर लिहिलेलीच असते. युरोपात लोक असंच मत देतात. ज्याचे टक्के जास्त त्याला मत द्या, मग तो कुठल्याही पक्षाचा असो." खाली जोडलेले हात आणि अमेरिकेचा झेंडा.

क्विझशी माझं भांडण नाही. लेकीचं पहिलंच मतदान होतं, म्हणून जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही दोघींनी ती सोडवली होती. पण मेसेजमधलं एकेक वाक्य तपासायला घेतलं की हातात फार थोडं उरतं.

"कॉम्प्युटरला पक्ष नसतो."

नसेल. पण प्रश्न तो काढत नाही, माणसं काढतात. कुठले पंचवीस घ्यायचे आणि कुठले गाळायचे, इथेच निम्मा निकाल लागतो. उरलेला शब्दांवर. अमेरिकेतल्या जनरल सोशल सर्व्हे या लोकमताच्या पाहणीत कित्येक वर्षं एक गंमत दिसते. निम्म्या लोकांना विचारतात, सरकार 'वेलफेअर'वर पुरेसा खर्च करतं का? उरलेल्या निम्म्यांना तोच प्रश्न 'गरिबांना मदत' असं म्हणून विचारतात. गरिबांना आणखी मदत करा म्हणणारे भरपूर निघतात, वेलफेअर वाढवा म्हणणारे त्या मानाने फारच थोडे. खर्च साधारण तोच, माणसं त्याच देशातली.

"किती टक्के जुळतात ते कॉम्प्युटर सांगेल."

सांगतो खरा, पण कशाचे टक्के? लेकीचं पहिल्या उमेदवाराशी पंचवीसपैकी वीस प्रश्नांवर जुळलं, म्हणजे ८०. दुसऱ्याशी सतरांवर, म्हणजे ६८. "बारा टक्क्यांचा फरक!" म्हणून ती खूश झाली. मग मी पाकिटाच्या पाठीवर मांडून दाखवलं. पहिल्याशी जुळलेले आणि दुसऱ्याशी न जुळलेले प्रश्न चार: वर्षातून दोनदा घड्याळ मागेपुढे करणं, एक सेंटचं नाणं, अंतराळावरचा खर्च, उमेदवाराच्या वयाला वरची मर्यादा. दुसऱ्याशी जुळलेला आणि पहिल्याशी न जुळलेला प्रश्न एकच, गर्भपाताचा. त्या एका प्रश्नाला पाचपट वजन दिलं की एकूण होतात २९. पहिल्याचे २९ पैकी २०, म्हणजे ६९ टक्के. दुसऱ्याचे २१, म्हणजे ७२. निकाल उलटा! आणि पाचच पट का, दहा पट का नाही, हे तिच्याशिवाय कोण ठरवणार?

आपल्याकडे पत्रिका जुळवतात त्यात निदान एवढं भान आहे. (माझा पत्रिकेवर विश्वास नाही, आमचं लग्न पत्रिका न बघताच झालं.) छत्तीस गुणांत वर्णाला एक आणि नाडीला आठ. अठ्ठावीस गुण जुळले आणि एकनाड निघाली, तर आजी नुसतं "अठ्ठावीस आलेत" म्हणून मांडव घालत नाही.

"उमेदवाराची भूमिका समोर लिहिलेलीच असते."

इथे जरा थांबू, कारण आपल्यातल्या निम्म्या घरांचं आयुष्य एच-१बी (कुशल परदेशी नोकरदारांचा व्हिसा) या तीन अक्षरांवर गेलंय. ३ मार्च २०१६ ला डेट्रॉइटच्या डिबेटमध्ये ट्रम्पना विचारलं गेलं, तुमच्या वेबसाइटवर या व्हिसाबद्दल एक आहे आणि तोंडी तुम्ही वेगळं बोलताय, ते कसं? मी माझी भूमिका बदलतोय, कुशल माणसं लागतातच, असं ते स्टेजवर म्हणाले. त्याच रात्री त्यांच्या प्रचारयंत्रणेने निवेदन काढून पुन्हा उलट दिशा धरली. आता क्विझवाल्याने त्यांच्या नावापुढे काय लिहायचं, संध्याकाळचं की मध्यरात्रीचं?

पुढचं ऐका. जून २०२४ मध्ये एका पॉडकास्टवर ते म्हणाले की अमेरिकन कॉलेजातून पदवी घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला डिप्लोम्याबरोबरच ग्रीन कार्ड मिळायला हवं. आमच्या ग्रुपवर त्या रात्री पेढे वाटायचेच बाकी होते. लगेच प्रवक्त्यांनी खुलासा केला की कडक छाननीतून पार पडलेल्या निवडक लोकांपुरतंच. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काचा आदेश निघाला. २०२४ च्या क्विझमध्ये "परदेशी पदवीधरांना ग्रीन कार्ड द्यावं का?" याला 'हो' म्हणून ज्यांचे टक्के वाढले, त्यांनी त्या टक्क्यांचं काय करायचं?

हे एकाच बाजूचं दुखणं नाही. कमला हॅरिस २०१९ मध्ये फ्रॅकिंगवर (खडक फोडून तेल-वायू काढण्यावर) बंदी हवी म्हणाल्या होत्या, २०२४ मध्ये बंदी घालणार नाही म्हणाल्या. मधल्या काळात फ्रॅकिंग चालणाऱ्या आणि निकाल फिरवू शकणाऱ्या पेनसिल्व्हेनियाचं महत्त्व कुणाला कळलं नव्हतं असं नाही. थोरले बुश १९८८ मध्ये नवे कर नाहीत असं छातीठोकपणे सांगून निवडून आले आणि १९९० मध्ये कर वाढवायला तयार झाले. ओबामांनी २२ जानेवारी २००९ ला क्यूबातल्या अमेरिकी तळावरचा ग्वांतानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करण्याच्या आदेशावर सही केली, त्यांची आठ वर्षं संपली तरी तुरुंग चालूच होता.

यातला प्रत्येक जण खोटारडा होता असं मी म्हणत नाही. कुणी मत बदललं, कुणाला काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, अडवलं, कुणी वारा पाहून सूप धरलं. पण हे तिन्ही प्रकार क्विझच्या रकान्यात सारखेच दिसतात, कारण तिथे फक्त बोलणं मोजलं जातं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

मेसेजमध्ये न लिहिलेलं गृहीतक: राष्ट्राध्यक्षाला पटलं की झालं.

ग्रीन कार्डाच्या रांगेचंच घ्या. नोकरीवर मिळणाऱ्या कार्डांपैकी एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे, आणि आपल्या लोकांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही ती त्यामुळे. ती मर्यादा काँग्रेसच्या कायद्यात आहे. राष्ट्राध्यक्षाला ती सही करून उडवता येत नाही. जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ती काढणारं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं, डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने आपलं वेगळं रूप मंजूर केलं, आणि दोन्हींचा मेळ न बसल्याने कायदा झालाच नाही. म्हणजे या प्रश्नावर टक्के जुळवायचेच असतील तर ते आपल्या सिनेटरशी जुळवा.

एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आलेल्या नवराबायकोंच्या कामाच्या परवानगीची गोष्ट उलटी. ती २०१५ मध्ये ओबामांच्या प्रशासनाने नियम करून दिली, ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत ती काढायचं घाटत होतं, २०२१ मध्ये बायडन आल्यावर तो प्रस्ताव मागे गेला. इथे राष्ट्राध्यक्ष कोण याने माझ्या मैत्रिणीची नोकरी खरोखर टांगणीला लागली होती. क्विझमध्ये मात्र दोन्ही प्रश्न 'इमिग्रेशन' या एकाच मथळ्याखाली, सारख्याच वजनाने येतात. एच-४ चा प्रश्न आलाच तर, म्हणा.

"युरोपात लोक असंच मत देतात."

अर्धवट खरं. नेदरलँड्समध्ये स्टेमवाइझर नावाची अशी क्विझ १९८९ पासून आहे, जर्मनीत वाल-ओ-मॅट २००२ पासून. पण वाल-ओ-मॅटमध्ये पक्ष स्वतः उत्तरं देतात आणि सोबत कारणही लिहितात, जुन्या भाषणांतून दुसऱ्या कुणी त्यांची भूमिका ताडलेली नसते. तिथे मत पक्षाला असतं आणि पक्ष बरेच. चॅन्सेलर नंतर संसदेत निवडला जातो. आणि हा निकाल म्हणजे मतदानाचा सल्ला नव्हे, असं ती साइट स्वतःच सांगते. एवढं करूनही २०१९ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. एका वेळी आठच पक्षांशी तुलना करता येत होती, आणि त्यात लहान पक्षांवर अन्याय होतो, हे कोलोनच्या न्यायालयाला पटलं.

"ज्याचे टक्के जास्त त्याला मत द्या, मग तो कुठल्याही पक्षाचा असो."

द्या की, हक्क आहे. फक्त कुठे राहता ते आधी बघा. लॅम्बर्टव्हिल न्यू जर्सीत, न्यू होप पेनसिल्व्हेनियात, मध्ये डेलावेअर नदीवरचा पूल, पाच-सात मिनिटं चालायचं अंतर. न्यू जर्सी १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे गेलंय. नदीच्या अलीकडची, न्यू जर्सीतली मतदार तिसऱ्या पक्षाला मत देऊन आपलं म्हणणं नोंदवू शकते, निकाल हलण्याची शक्यता कमी. पलीकडच्या पेनसिल्व्हेनियाची राष्ट्राध्यक्ष निवडणारी २० इलेक्टोरल मतं (राज्यात जिंकणाऱ्याला सगळीच मिळतात) २०२० मध्ये सुमारे ८० हजारांच्या फरकाने गेली. आणि २००० साली फ्लोरिडात धाकटे बुश ५३७ मतांनी जिंकले, तेव्हा तिथे तिसऱ्या पक्षाच्या राल्फ नेडरना ९७ हजारांवर मतं होती. नेडरवाल्यांचे टक्के नेडरशीच जुळत होते, त्यात चूक काही नाही. आपण कुठल्या पुलाच्या कुठल्या टोकाला उभे आहोत हे क्विझ विचारत नाही, एवढंच.

लेकीची मतपत्रिका टपालाने आली होती. ती पाकिटाच्या पाठीवरचं गणित शेजारी ठेवून बसली आणि वरचा पहिला गोल तिने दोन मिनिटांत काळा केला. कुणापुढचा, ते मी विचारलं नाही. मग खाली सिनेट, प्रतिनिधिगृह, काउंटी कमिशनर, आणि अगदी तळाला स्कूल बोर्डाची नावं. त्यांच्यापुढे कुठल्याच क्विझने टक्के लिहिलेले नव्हते. शेवटी तिने शेजारच्या मावशींना फोन लावला आणि यातलं कोण शाळेच्या बसेसच्या मीटिंगला आलं होतं ते विचारत बसली. अर्धा तास.