उसाच्या ट्रॅक्टरशी कोण बोलणार?

स्वयंचलित गाड्या बिनतारी संदेशांनी एकमेकींशी बोलू लागल्या की चौकात सिग्नलच नको, असं एका लेखात म्हटलंय. सगळ्याच बोलणाऱ्या असतील तर खरं. पण आमच्या बेळगावात दुसऱ्या रेल्वे गेटवर या की हो! फाटक पडलं की दुचाकीवाले उजवी बाजूसुद्धा भरून टाकतात; उघडतं तेव्हा दोन फौजा समोरासमोर. हंगामात निपाणीकडं तर दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही, वर गाणी दणदणतायत. तो कुणाशी बोलणार?

तरी लेखात राहून गेलेली एक गोष्ट सांगतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी प्रयोगात २३० मीटरच्या वर्तुळात २२ गाड्या फिरवल्या. ना सिग्नल, ना खड्डा, तरी कोंडी झाली; पुढच्याचा वेग जरा कमी झाला की मागचे आणखी कमी करतात, एवढंच कारण. पुढं अमेरिकेत ॲरिझोनात तसल्याच वर्तुळात वीसेक गाड्यांत एकच स्वयंचलित गाडी सोडली. ती अंतर राखून एका लयीत चालली आणि कोंडीच्या लाटा विरल्या. म्हणजे सगळ्या गाड्या बदलेपर्यंत थांबायला नको. हायवेवर हे जमेल. गेटवर मात्र त्या राखलेल्या अंतरात पहिली स्कूटी शिरेल, ती बहुतेक माझीच.